पेडल आधी, ॲम्प नंतर : कोथरूडमधील एका खरेदीचा प्रकरण अभ्यास

सदाशिव पेठेतल्या माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर पूर्वी व्हॉल्व्हचे रेडिओ येत असत. आता त्यांच्या जागी गिटारचे ॲम्प (ॲम्प्लिफायर) येतात. आमच्या पिढीचा व्हॉल्व्ह आणि गिटार वाजवणाऱ्या मुलांची ट्यूब या एकच वस्तू आहेत. मी येथे व्हॉल्व्ह हाच शब्द वापरणार आहे, कारण ट्यूब म्हटले की मला अजूनही भिंतीवरची ट्यूबलाइट आठवते. ज्या प्रकरणाची ही नोंद आहे त्यात दुरुस्ती जवळपास नव्हतीच. एका तरुणाला पेडलांसोबत (गिटार आणि ॲम्प यांच्या मध्ये जोडायच्या, पायाने दाबायच्या, आवाज बदलणाऱ्या डब्या) नीट वाजेल असा छोटा व्हॉल्व्ह ॲम्प घ्यायचा होता, आणि चुकीची वस्तू घरी येण्याआधी तो सल्ल्याला आला, एवढेच त्याचे निमित्त.

हा वादक सत्तावीस वर्षांचा आहे. कोथरूडमधील एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर आईवडिलांसह राहतो, हिंजवडीत नोकरी करतो आणि तिघांच्या बँडमध्ये गिटार वाजवतो. सराव नारायण पेठेतील एका जुन्या वाड्याच्या माडीवर होतो; महिन्यातून एक-दोन वेळा बाणेर किंवा कोरेगाव पार्कच्या एखाद्या कॅफेत कार्यक्रम असतो. गिटार तीन सिंगल कॉइल पिकअपची (पिकअप म्हणजे तारांची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे चुंबक-वेटोळे; येथे एकेका वेटोळ्याचे). पेडलबोर्डावर ट्यूनर, कॉम्प्रेसर (लहानमोठे सूर एकसारखे करणारा), बिग मफच्या जातीचा फझ (आवाज पार फाडणारा), ट्यूब स्क्रीमरच्या जातीचा हिरवा ओव्हरड्राइव्ह (आवाज सौम्यपणे फाडणारा), डिले (प्रतिध्वनी देणारा) आणि रिव्हर्ब (मोठ्या खोलीसारखी गुंज देणारा) या क्रमाने सहा पेडले. चार वर्षे खपून त्याने हा बोर्ड जमवला होता, आणि तोपर्यंत तो ट्रान्झिस्टरच्या एका लहान सरावाच्या ॲम्पवर वाजत होता. अंदाजपत्रक साठ हजारांचे होते आणि वापरलेली वस्तूही चालणार होती.

“काका, पाच वॅटचा बघतोय. फ्लॅटमध्ये तेवढा पुरे होईल, आणि कॅफेत जोरात लावला की झालं,” असे त्याने पहिल्याच भेटीत सांगितले. “इफेक्ट्स लूप मात्र पाहिजेच.” लूप म्हणजे ॲम्पच्या आत, मध्येच पेडले जोडायची सोय.

त्याच्या या बोलण्यात तीन गृहीतके होती आणि तिन्ही तपासण्यासारखी होती. त्यातले पहिले, म्हणजे वॅट कमी असले की आवाज त्या मानाने कमी येतो हे, इतके सार्वत्रिक आहे की त्यावर थोडे थांबायला हवे. वॅट दुप्पट झाले की आवाज ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायचा तर वॅट साधारण दहापट लागतात. म्हणजे ५ वॅट आणि १५ वॅट यांच्यात जेमतेम ५ डेसिबलचा फरक आहे. आता स्पीकर पाहू. गिटारच्या सामान्य स्पीकरची संवेदनशीलता एका वॅटला, एका मीटरवर, ९५ ते १०० डेसिबल असते. ९८ डेसिबलच्या स्पीकरला ५ वॅट दिले तर एका मीटरवर १०५ डेसिबल होतात. अगदी एका वॅटचा दहावा भाग दिला तरी ८८ होतात. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ती मर्यादा परिसरातील आवाजाची आहे, ॲम्पसमोरच्या एका मीटरची नाही, आणि मध्ये भिंती असतात, हे खरेच. तरीही फ्लॅटच्या दृष्टीने ५ वॅटचा ॲम्प आणि १५ वॅटचा ॲम्प दोन्ही सारखेच अवाजवी मोठे आहेत, आणि दोन्हींचे बटण एकच्या आसपासच राहणार आहे.

फरक पडतो तो वाड्याच्या माडीवर, ड्रम सुरू झाल्यावर. तिथे प्रश्न असा असतो की ड्रमच्या बरोबरीने ऐकू येण्याइतका आवाज वाढवल्यावर ॲम्प स्वतः फाटायला (क्षमतेबाहेर जाऊन खरखरायला) लागला आहे की अजून क्लीन, म्हणजे स्वच्छ, आहे. ज्याला ॲम्पचाच फाटलेला आवाज हवा आहे त्याच्यासाठी ५ वॅट उत्तम, कारण तो लवकर फाटतो. ज्याचे सगळे रंग पेडलातून येतात त्याला मात्र ॲम्प म्हणजे धुतलेली पाटी हवी असते; पाटीवर आधीच रेघोट्या असतील तर वर काढलेले अक्षर वाचता येत नाही. गिटारवाले या शिल्लक जागेला हेडरूम म्हणतात.

ही जागा कुठे संपते हे पाहिल्याशिवाय निवड करता येत नाही, आणि ती सर्व ॲम्पमध्ये एकाच ठिकाणी संपत नाही. सिग्नल ज्या पहिल्या व्हॉल्व्हवर येतो तो बहुतेक वेळा १२एएक्स७ असतो. त्याचा गुणक (सिग्नल जास्तीत जास्त किती पट वाढवू शकतो ते) १०० आहे आणि नेहमीच्या जोडणीत त्याचा बायस (किती मोठा सिग्नल न फाटता सोसेल ते ठरवणारे व्होल्टेज) सव्वा ते दीड व्होल्टच्या आसपास राहतो. सिंगल कॉइल पिकअपचा सिग्नल यापेक्षा बराच लहान असल्याने नुसती गिटार लावली तर पहिला व्हॉल्व्ह शांतपणे काम करतो. पण ९ व्होल्टवर चालणारे पेडल, त्याचे लेव्हल बटण वर असेल तर, शिखराला तीन-चार व्होल्टसुद्धा पुढे ढकलू शकते. मग ॲम्पचे व्हॉल्यूम कितीही कमी ठेवले तरी फाटणे त्या बटणाच्या आधीच घडून गेलेले असते. या वादकाने ओव्हरड्राइव्हचे लेव्हल घड्याळातल्या तीनच्या काट्यावर ठेवण्याची सवय लावून घेतली होती, कारण जुन्या ॲम्पवर तसे केल्याशिवाय काही ऐकूच येत नसे. माझ्या टेबलावरच्या व्हॉल्व्ह ॲम्पला त्याने बोर्ड जोडला तेव्हा आवाज तेलात पाण्याचा थेंब पडावा तसा तडतडला. त्याला वाटले व्हॉल्व्ह खराब आहे. लेव्हल बाराच्या काट्यावर आणताच तडतड गेली.

जुन्या फेंडर पद्धतीच्या ॲम्पवर दोन जॅक असतात आणि दुसरा जॅक सिग्नल निम्मा करतो. त्याला कमी दर्जाचा जॅक समजून कोणी हात लावत नाही, कारण थेट गिटार लावली तर तिथे भार वाढून वरचे सूर मंद होतात: पहिल्या जॅकचा रोध सुमारे १० लाख ओहम, दुसऱ्याचा १ लाख ३६ हजार. पण बोर्डातले शेवटचे पेडल कमी रोधाने सिग्नल देत असेल तर त्याला या भाराने काही फरक पडत नाही. पेडलवाल्यांसाठी तो जॅक म्हणजे फुकट मिळालेले हेडरूम आहे.

लूपचा हट्ट त्यानंतर आपोआप सुटला. इफेक्ट्स लूप प्रीॲम्प (सिग्नल सुरुवातीला वाढवणारा भाग) आणि पॉवर ॲम्प (स्पीकरला ताकद देणारा भाग) यांच्या मध्ये असतो, आणि त्याचा उपयोग प्रीॲम्पच फाडून वाजवणाऱ्यांना होतो. नाहीतर डिलेचे प्रतिध्वनी फाटण्याच्या आधी जाऊन एकमेकांत कालवले जातात. ज्याचा ॲम्प क्लीन आहे आणि फाटणे पेडलातच होते आहे, त्याच्या डिलेची जागा बोर्डावर फझ आणि ओव्हरड्राइव्हच्या नंतर आधीच ठरलेली आहे. लूपसाठी वेगळे पैसे मोजायचे कारण उरले नाही. दोन ईएल३४ व्हॉल्व्ह आणि लूप असलेला एक २० वॅटचा पर्याय यादीत होता, तो येथेच गळला.

मित्रांकडून आणि एका विक्रेत्याकडून तीन ॲम्प मिळवून आम्ही एका रविवारी सकाळी वाड्यावर चाचणी घेतली. पहिला फेंडर चॅम्पच्या घराण्यातला: एकच ६व्ही६ व्हॉल्व्ह पॉवरला, ५ वॅट, आठ इंची स्पीकर. दुसरा १९५८ साली आलेल्या व्हॉक्स एसी१५च्या घराण्यातला: दोन ईएल८४, १५ वॅट, बारा इंची स्पीकर. तिसरा १९६४च्या प्रिन्स्टन रिव्हर्बच्या घराण्यातला: दोन ६व्ही६, १२ वॅट, दहा इंची स्पीकर. अट एकच ठेवली. ड्रमर नेहमीसारखा वाजवील, ॲम्प त्याच्या बरोबरीने ऐकू येईपर्यंत वाढवायचा, तिथे बटण सोडून द्यायचे आणि मग बोर्डातील एकेक पेडल दाबायचे. दुकानात एकट्याने बसून घेतलेल्या चाचणीत सगळेच ॲम्प गोड लागतात, याचा अनुभव बहुतेकांनी घेतला असेल.

पाच वॅटचा ॲम्प ड्रमच्या बरोबरीला येईपर्यंत बटण सातवर गेले होते आणि नुसत्या गिटारीलाच जाडसर खरखर आली होती. तो आवाज स्वतंत्रपणे सुंदर होता, हे नोंदवले पाहिजे. तंबोऱ्याच्या जवारीत दोरा बरोबर बसल्यावर खर्ज जसा उलगडतो तसा. मग वादकाने सोलोसाठी ओव्हरड्राइव्ह दाबला आणि आवाज वाढलाच नाही. सूर आणखी जाड झाला, दाबला गेला आणि ड्रमच्या मागे सरकला. जो ॲम्प आधीच पूर्ण फाटला आहे त्याच्याकडे वर जायला जागा नसते, त्यामुळे पुढून कितीही ढकलले तरी फक्त फाटणे वाढते. फझ लावल्यावर खालच्या दोन तारांचे सूर पुडा सैल झालेल्या ढोलकीसारखे भद्भद वाजू लागले. आठ इंची पडद्याकडून दुसरी अपेक्षा नव्हती. ड्रमर काठी खाली ठेवून म्हणाला, “दादा, तू वाजवतोयस का नुसता दाबतोयस?” पाच वॅटचा विषय तिथे संपला.

एसी१५च्या घराण्यातल्या ॲम्पने खरी अडचण केली, कारण तो सर्वांना आवडला. या रचनेत पॉवरचे व्हॉल्व्ह कॅथोड बायसवर असतात (म्हणजे आपला बायस स्वतःच्याच करंटवरून ठरवतात) आणि ऋण प्रतिपुष्टी, म्हणजे बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा थोडा भाग उलटा परत आणून आवाज ताब्यात ठेवण्याची सोय, नसते. त्यामुळे क्लीन आणि फाटलेला यांच्यात पायरी नसून उतार असतो. नेमका कुठे फाटला ते बोट ठेवून दाखवता येत नाही. कॉम्प्रेसर आणि डिले यांच्यासोबत तो इतका खुलला की वादकाने तिथेच मन बनवले होते. ओव्हरड्राइव्ह लावला तेव्हा मात्र ॲम्पचा आणि पेडलचा उतार एकावर एक चढला आणि जोरात छेडलेला सूर व हळू छेडलेला सूर यांतले अंतर मिटले. फझचे वरचे सूर टोचत होते. ते टोन कटच्या बटणाने आटोक्यात आले (हे बटण वाढवले की वरचे सूर कमी होतात, पहिल्यांदा वापरणारा हमखास उलटे फिरवतो). दोन पेडलांचा बोर्ड असता तर मीही हाच घे म्हणालो असतो. पण सहा पेडलांपैकी चार जिंकून दोन हरणारा ॲम्प घ्यायचा का, हा प्रश्न राहिला, आणि हरलेल्या दोन पेडलांवरच त्यांच्या बँडची निम्मी गाणी उभी होती. शिवाय हा ॲम्प बावीस किलोंच्या घरात जातो आणि वाड्याचा जिना किती अरुंद आणि उभा आहे हे आम्ही सकाळीच अनुभवले होते.

प्रिन्स्टनच्या घराण्यातला १२ वॅटचा ॲम्प पहिल्या पाच मिनिटांत कोणालाच आवडला नाही. नुसती गिटार पातळ वाटली. या रचनेत मधले सूर, म्हणजे ४०० ते ५०० हर्ट्झच्या आसपासचा पट्टा, मुळातच खाली दबलेले असतात आणि ते वाढवायला बटणही नसते. ट्रेबल आणि बास, एवढेच. पण हिरव्या ओव्हरड्राइव्हचे शिखर ७०० हर्ट्झच्या थोडे वर असते. म्हणजे ॲम्पने जिथे खड्डा ठेवला आहे त्याच्या काठावरच पेडलने भराव टाकला. सोलो दाबला आणि गिटार ड्रमच्या पुढे येऊन उभी राहिली. आवाज वाढला आणि सूर स्पष्ट राहिला. बटण तेव्हा चारच्या थोडे पुढे होते, म्हणजे हेडरूम संपत आले होते पण संपले नव्हते.

फझने मात्र येथे उलटा धडा दिला. बिग मफच्या जातीच्या फझमध्ये १ किलोहर्ट्झच्या आसपास स्वतःचा खड्डा असतो. ॲम्पचा एक खड्डा आणि पेडलचा त्याच्या शेजारी दुसरा, यामुळे घरी एकट्याने वाजवताना भिंतीसारखा वाटणारा आवाज बँडमध्ये चक्क नाहीसा झाला. वादक तार छेडत होता, स्पीकर हलताना दिसत होता, आणि ऐकू येत होते ते बास आणि झांजा. यावर उपाय बोर्डातच होता. फझच्या नंतर येणारा हिरवा ओव्हरड्राइव्ह ड्राइव्ह (किती फाडायचे ते ठरवणारे बटण) शून्यावर आणि लेव्हल मध्यावर ठेवून कायम चालू ठेवला, तेव्हा फझने पोखरलेला मधला पट्टा त्याने भरून काढला. क्रम योगायोगाने बरोबर होता. तो उलट असता तर ही युक्ती चालली नसती. मग सोलोसाठी काय, हा प्रश्न त्याने लगेच विचारला. कॉम्प्रेसरचे लेव्हल त्या कामी लावावे, असे ठरले. ही तडजोड आहे, आणि ती मला आजही पूर्ण पटलेली नाही.

निवड तिसऱ्या ॲम्पची झाली. विक्रेत्याने तो अमेरिकेतून परतताना आणलेला होता आणि मागच्या पाटीवर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असे लिहिले होते. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. पुष्कळ चांगले ॲम्प या एका पाटीपायी स्वस्तात मिळतात आणि पुष्कळ ॲम्प तिच्याकडे दुर्लक्ष केल्याने जळतात, म्हणून हा भाग सविस्तर लिहितो. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज कमी करतो, वारंवारता बदलत नाही. ६० हर्ट्झसाठी बांधलेल्या गाभ्यावर ५० हर्ट्झला सव्वापटीच्या जवळ, नेमके सांगायचे तर १.२ पट, चुंबकीय भार येतो. गाभा पुरेसा मोठा असेल तर तो सोसतो; नसेल तर तापतो. मी ॲम्प टेबलावर दोन तास चालू ठेवला, मग प्लग काढून, साठलेला भार उतरवून ट्रान्सफॉर्मरवर तळहात ठेवला. गरम होता, पण हात ठेवता येत होता. (फिल्टर कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही तीनशेच्या वर व्होल्ट राहू शकतात, ज्याला ते उतरवता येत नाहीत त्याने झाकण उघडू नये.)

दुसरी गोष्ट गुणोत्तराची. कोथरूडच्या त्या घरात संध्याकाळी मीटरवर २४५ व्होल्ट दिसत होते. २३०:१२० असा स्टेप-डाउन लावला असता तर ॲम्पला १२८ व्होल्ट मिळाले असते. २३०:११० चा लावल्यावर ११७ मिळाले, म्हणजे पाटीच्या अधिक जवळ. बाजारात सहज मिळणारा ११० चा ट्रान्सफॉर्मर १२० च्या ॲम्पला कमी पडेल असे वाटते, पण चढ्या व्होल्टेजच्या घरात तोच योग्य ठरतो. बुधवार पेठेत ट्रान्सफॉर्मर बांधून देणाऱ्या कारागिराकडून आम्ही पाटीवरच्या वॅटच्या दुप्पट क्षमतेचा बांधून घेतला आणि तीन पिनांचा, अर्थिंग थेट पुढे नेणारा घेतला. दोन पिनांचे जे हलके कन्व्हर्टर मिळतात त्यांत अर्थिंग तुटते. गिटारच्या तारा ॲम्पच्या चेसिसला जोडलेल्या असतात. चेसिसला अर्थिंग नसेल आणि आत काही बिघडले, तर तो करंट वाजवणाऱ्याच्या बोटांतून वाट काढतो.

याच अर्थिंगने वाड्यातले एक जुने कोडे सोडवले. माइकला ओठ लागला की झिणझिणी येते आणि तारांवर हात ठेवला की घरघर कमी होते, हे तिघांनीही त्या खोलीचा स्वभाव म्हणून स्वीकारले होते. सॉकेटला तीन भोके होती, पण फेज आणि अर्थिंग यांच्यात मिळायला हवे होते ते २३० व्होल्ट मीटर दाखवायला तयार नव्हता. मालकांनी इलेक्ट्रिशियन बोलावून तार ओढून घेतली आणि झिणझिणी थांबली. उरलेली बारीक शिट्टी डिलेची होती. सहाही पेडले एकाच अडॅप्टरवर माळेसारखी जोडल्याने डिजिटल पेडलचा गोंगाट फझमध्ये शिरत होता. डिलेला वेगळा, आयसोलेटेड (इतरांशी विजेने न जोडलेला) पुरवठा दिल्यावर तीही गेली. सिंगल कॉइलची स्वतःची गुणगुण राहिली. ती राहणारच.

नंतरच्या दोन महिन्यांत दोन बदल केले. कॅफेत, जिथे ड्रमर काठ्यांऐवजी रॉड्स (पातळ काड्यांच्या, कमी आवाजाच्या जुड्या) वापरत नाही तिथे, हेडरूम थोडे कमी पडत होते. मूळ दहा इंची स्पीकर ९५ डेसिबलच्या आसपासचा होता. त्याच आकाराचा, ८ ओहमचाच, ९८ डेसिबलचा बसवला. ३ डेसिबल म्हणजे वॅट दुप्पट करण्यासारखेच, आणि तेही मोठा ॲम्प न उचलता. स्पीकर बदलताना त्याने विचारले की तार काढलेलीच असताना ॲम्प चालू करून पाहू का. व्हॉल्व्ह ॲम्प स्पीकरशिवाय चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो, हे मी त्याला आवाज चढवून सांगितले, याची मला नंतर खंत वाटली. दुसरा बदल पहिल्या व्हॉल्व्हचा: १२एएक्स७ च्या जागी १२एवाय७, ज्याचा गुणक ४५ च्या आसपास आहे. फझच्या बाबतीत तो चांगला ठरला, पण घरी कमी आवाजात ॲम्प झोपल्यासारखा वाटू लागला, म्हणून महिनाभराने मूळ व्हॉल्व्ह परत बसवून दुसऱ्या जॅकवरच काम भागवले. फ्लॅटसाठी ॲटेन्युएटर (ॲम्प आणि स्पीकर यांच्या मध्ये बसून आवाज कमी करणारी डबी) घ्यावा का, असेही त्याने विचारले होते. पॉवरचे व्हॉल्व्ह फाडून वाजवायचे असतील तरच त्याला अर्थ आहे. येथे ते फाडायचेच नाहीत.

फ्लॅटची मर्यादा शेवटी डेसिबलने ठरली नाही. खालच्या मजल्यावरच्या आजींना त्याने एका रविवारी वर बोलावले, चहा दिला आणि मग त्यांना त्यांच्या घरी बसवून, आईला फोनवर ठेवून, बटण हळूहळू वाढवत नेले. दोनच्या थोडे पुढे गेल्यावर आजी म्हणाल्या, “बास, आता मला माझी मालिका ऐकू येत नाही.” त्या जागी आईने पाकिटातली एक लाल टिकली काढून पॅनेलवर चिकटवली. ॲम्प मागच्या आठवड्यात माझ्याकडे व्हॉल्व्हचे सॉकेट पुसायला आला होता, तेव्हा टिकली तिथेच होती. तिच्या शेजारी, दीडवर, एक छोटी काळी टिकली नव्याने लावलेली दिसली. रात्री नऊनंतरची, असे त्याने सांगितले.